इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची करकर: ती पुन्हा पुन्हा का येते आणि मुळापासून कशी घालवावी

गाडीला वर्ष-दीड वर्ष झाले आणि एक पूर्ण पावसाळा तिच्या अंगावरून गेला, की कोल्हापूर परिसरात इलेक्ट्रिक गाडी वापरणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. गतिरोधकावरून गाडी हळू उतरवताना, वळणावर ती एका अंगाला झुकताना किंवा उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना पुढच्या चाकाच्या बाजूने ‘कुईं’ किंवा ‘करकर’ असा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की खालून काहीतरी फवारले जाते, आवाज थांबतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला एखादा भाग बदलतात, बिल होते, काही महिने बरे जातात आणि मग तीच करकर त्याच कोपऱ्यातून परत सुरू होते.

अशा परत येणाऱ्या आवाजात सुट्या भागांचा दर्जा हे कारण क्वचितच असते, असे माझे मत आहे. एक तर आवाज करणारा सांधा नेमका न ओळखता त्याच्या शेजारचा भाग बदललेला असतो, किंवा योग्य भाग बदलूनही त्याचे बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असताना, चाके लोंबकळत असताना आवळलेले असतात. यातल्या दुसऱ्या कारणाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून खाली त्याला जास्त जागा दिली आहे.

इलेक्ट्रिक गाडीतच हा आवाज इतका का जाणवतो

पेट्रोल किंवा डिझेल गाडीतही सस्पेन्शनच्या सांध्यांत हेच रबरी बुश (धक्का शोषणारी रबरी जोडणी) असतात आणि तेही कोरडे पडतात. परंतु इंजिनाच्या आवाजात आणि कंपनात बारीक करकर बुडून जाते. इलेक्ट्रिक गाडी ताशी दहा-पंधरा किलोमीटरने गल्लीतून जात असते तेव्हा तिच्यात आवाज करणारे दुसरे काही नसतेच. दुसरे कारण वजनाचे आहे. एकाच मॉडेलची इलेक्ट्रिक आवृत्ती बॅटरीमुळे पेट्रोल आवृत्तीपेक्षा साधारण दोन-तीनशे किलोने जड भरते आणि तो भार प्रत्येक खड्ड्यात सांध्यांवर येतो. तिसरे कारण रिजनरेशनचे, म्हणजे मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरण्याचे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर लगेच गाडी मागे ओढू लागते, पाय ठेवला की तितक्याच तत्परतेने पुढे खेचते, त्यामुळे कावळा नाका ते दसरा चौक एवढ्या अंतरातही लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश पुढे-मागे कितीतरी वेळा दाबले जातात. पाय उचलतानाच आवाज येत असेल तर संशय आधी लोअर आर्मच्या बुशवर घ्यावा.

रस्त्यांचा वाटा वेगळा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे वाडीवस्तीसमोर तेवढीच उंची दोन हातांच्या रुंदीत बसवलेली असते आणि त्यावरून जाताना सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबले जाऊन शेवटपर्यंत उघडते. गळीत हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी शेतातून रस्त्यावर आणलेला चिखल, आणि राधानगरी किंवा गगनबावड्याकडे गेल्यास तांबडी माती, ही चाकाच्या आतल्या बाजूला उडून बुशच्या कडेला बसते आणि वाळून बारीक पूड होते. रबर आणि धातू यांच्यामध्ये शिरलेली ही पूडच पुढे आवाज करते.

हा आवाज मुळात घासण्याचा नसून अडकण्या-सुटण्याचा असतो. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर सरळ सरकत नाहीत. ते क्षणभर धरून राहतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा धरतात, आणि ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा झाली की कानाला करकर ऐकू येते. नव्या कोल्हापुरी चपलेच्या कातडी थरांतून येणारा आवाज याच जातीचा असतो, आणि तोही तेल-पाणी लागले की थांबतो व वाळले की परत येतो. म्हणूनच फवारणीने आवाज थांबला म्हणजे दोष गेला असे मानता येत नाही.

आधी सस्पेन्शन नसलेले आवाज वगळावेत

सर्वांत मोठी फसगत ब्रेकची होते. रिजनरेशनमुळे इलेक्ट्रिक गाडीत घर्षणाचे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर चढलेला गंज लवकर निघत नाही आणि पॅड त्यावर कुरकुरतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जाताना ब्रेक पेडलवर नुसता हलका पाय टेकवावा. आवाज बदलला किंवा थांबला तर तो ब्रेकचा. चाकाच्या फिरण्याबरोबर ठरावीक लयीत येणारा आवाजही सस्पेन्शनचा नसतो, कारण सस्पेन्शन चाकाच्या गतीने नव्हे, तर रस्त्याच्या उंचसखलपणाने हलते.

दुसरी फसगत पुढच्या बंपरखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची. त्याच्या एक-दोन क्लिपा निघालेल्या असल्या की बंपर आणि पत्रा एकमेकांवर घासून हुबेहूब बुशसारखे किरकिरतात. हाताने दाबून, हलवून पाहिले की दोन मिनिटांत कळते. डी मधून आर मध्ये किंवा उलट टाकून गाडी निघताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्ट आणि हब यांच्या दात्यांच्या जोडाचा असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचा उपाय पूर्णपणे वेगळा आहे. खडबडीत रस्त्यावर सुटीसुटी ‘टकटक’ येत असेल तर स्टॅबिलायझर बारची (गाडीचे झुकणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक ढिली झालेली असते. करकर कोरडेपणाची आणि टकटक ढिलेपणाची खूण, एवढा भेद सुरुवातीला पुरेसा आहे.

सांधा शोधण्याची पद्धत

आवाज केव्हा येतो यावर प्रथम लक्ष द्यावे. पाऊस पडत असताना बंद होणारी आणि उन्हात रस्ता वाळल्यावर परत येणारी करकर सहसा रबरी बुशच्या बाहेरच्या पृष्ठभागावरची असते. याउलट मोठा पाऊस होऊन गेल्यावर सुरू झालेली आणि नंतर हटायलाच तयार नसलेली कुईकुई ही बॉल जॉइंटमध्ये (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्यात) किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या उभ्या जोडीच्या) वरच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज धरल्याची खूण असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जास्त आणि दुपारी कमी, असे असेल तर रबर कडक झालेले आहे असे समजावे.

त्यानंतरच्या तपासणीला दोन माणसे आणि शांत जागा लागते. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असू द्यावी. एकाने चाकाच्या कमानीच्या वर, पत्रा मजबूत असतो तिथे, दोन्ही तळहात ठेवून गाडी लयीत दाबावी. बॉनेटच्या मध्यभागी दाबू नये, तिथला पत्रा बसतो. दुसऱ्याने चाकाजवळ कान लावावा. मग उभ्या गाडीचे स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. नुसते दाबल्यावर आवाज येत असेल तर लोअर आर्मचे आणि स्टॅबिलायझर बारचे बुश पाहावेत. नुसते स्टिअरिंग फिरवल्यावर येत असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि स्ट्रट माउंट (स्ट्रटची वरची जोडणी) पाहावेत. दोन्ही वेळा येत असेल तर बॉल जॉइंटवरचा संशय बळावतो, कारण दोन्ही हालचाली त्याच्यातून जातात.

स्टिअरिंग फिरत असताना एकेका भागाला बाहेरून तळहात टेकवला की करकर हातालाही जाणवते, आणि पुष्कळदा कानापेक्षा हात नेमके सांगतो. मात्र स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटे कधीही घालू नयेत.

शेवटची आणि सर्वांत विश्वासाची चाचणी साध्या पाण्याची. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली पुरते. एकाच सांध्यावर पाणी मारावे, अर्धा मिनिट थांबावे, गाडी दाबून पाहावी, आणि फरक पडला नाही तरच पुढच्या सांध्याकडे वळावे. पाणी खालून वर मारत जावे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून खालचे सगळे सांधे भिजतात आणि आवाज थांबला तरी तो कुणामुळे थांबला हे कळत नाही. ज्या सांध्यावर पाणी पडताच करकर थांबते किंवा तिचा सूर बदलतो, तोच सांधा. ही चाचणी तेलाने किंवा कसल्याही स्प्रेने करू नये, कारण पाणी वाळून जाते आणि तपासणी पुन्हा करता येते, तेल मात्र आठवडाभर पुरावा झाकून ठेवते. बॉल जॉइंटच्या बाबतीत पाण्याने हवा तसा फरक पडत नाही, कारण तो आतून वाजतो. तिथे हाताचा स्पर्श कामाला येतो.

सर्व्हिस सेंटरला गाडी देण्यापूर्वी एवढे घरी करता आले तर अर्धे काम झाले. गाडीखाली जाण्याची वेळ आली तर मात्र रॅम्प किंवा खड्डा असलेले गॅरेजच गाठावे. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाला बॅटरी असते, त्यामुळे जॅक फक्त माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा लागतो. चुकीच्या जागी लावलेला जॅक बॅटरीच्या आवरणाला पोचा पाडू शकतो आणि त्याचा खर्च सगळ्या सस्पेन्शनपेक्षा जास्त होऊ शकतो. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली घोडी (पक्का लोखंडी आधार) लावल्याशिवाय शिरू नये, हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये आणि त्यांच्यावर पाणीही मारू नये.

स्टॅबिलायझर बारचे बुश

करकरीचे सर्वांत स्वस्त आणि वारंवार सापडणारे कारण इथे असते. आडव्या बारला सबफ्रेमशी (गाडीच्या पुढच्या भागाखालच्या सांगाड्याशी) धरून ठेवणारे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे दोन रबरी बुश आणि त्यांच्यावरच्या लोखंडी पट्ट्या, एवढीच ही रचना. बार आणि रबर यांच्यामध्ये माती शिरली की गाडी एका अंगाला झुकताना, म्हणजे एक चाक वर आणि दुसरे खाली जाताना, आवाज येतो. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढली तर बार पिळला जात नाही आणि बुशवर फारसा भार येत नाही. तिरकी चढवली की लगेच बोलतात. हा फरक ओळखीला उपयोगी पडतो.

पट्टीचे बोल्ट काढून बुश उघडावा, बार आणि रबर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत, बारवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन परत बसवावे. रबर आतून गुळगुळीत होऊन अंडाकृती झिजले असेल तर दोन्ही बाजूंचे बुश नवे घालावेत. काही मॉडेलमध्ये रबर बारलाच चिकटवलेले असते. तिथे ग्रीसला आत जायला वाट नसते, आणि रबर सुटले असेल तर बारसकट बदलण्याला पर्याय राहत नाही.

ग्रीस सिलिकॉनचेच का, याचे कारण आहे. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, मऊ पडते आणि फाटते. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली की गंज लागू नये म्हणून खालून डिझेल किंवा वापरलेले ऑइल फवारण्याची जुनी पद्धत आहे. जीप-ट्रकच्या लोखंडी पाट्यांच्या जमान्यात तिला अर्थ होता. इलेक्ट्रिक गाडीच्या रबरी बुशांना आणि बुटांना (सांध्यांवरच्या रबरी टोप्यांना) ती मारक आहे, आणि धुणाऱ्याला आधीच स्पष्ट नाही म्हणून सांगावे. प्रेशरचा पाइप बॉल जॉइंटच्या बुटावर जवळून रोखू देऊ नये, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

डब्ल्यूडी-४० बद्दलही गैरसमज आहे. १९५३ साली अमेरिकेत तयार झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच पाणी हटवणारा, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला, असा आहे. गंजलेला बोल्ट सोडवायला तो उत्तम. पण बुशवर तो थोडे दिवस टिकतो आणि बॉल जॉइंटच्या फाटक्या बुटातून आत गेला तर उरलेसुरले ग्रीसही पातळ करून बाहेर आणतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘फवारून दिले’ असे सांगितले, तर काय फवारले हे जरूर विचारावे. ब्रेकच्या डिस्कवर यातले काहीही उडता कामा नये, हे सांगायला नको.

लोअर आर्मचे बुश, आणि हवेत आवळलेले बोल्ट

टाटा नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, एमजी झेडएस ईव्ही अशा आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात प्रत्येक चाकाला खाली एकच आर्म असतो, आणि तो सबफ्रेमला दोन बुशांनी जोडलेला असतो. हा बुश म्हणजे बाहेर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे कडे, आत लोखंडी नळी, आणि दोहोंच्या मध्ये दोन्हीकडे पक्के चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमच्या कानांमध्ये घट्ट पकडली जाते आणि ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळले गेल्यामुळे. कुठलाही पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकत नाही, म्हणून हा बुश नीट बसवला असेल तर वर्षानुवर्षे मुका राहतो.

आता गाडी लिफ्टवर आहे, चाके लोंबत आहेत, आर्म खाली झुकला आहे, आणि नव्या आर्मचे बोल्ट त्याच स्थितीत कचकचून आवळले, अशी कल्पना करावी. आतली नळी त्या झुकलेल्या कोनात पक्की झाली. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि उभ्या गाडीतच रबर पिळलेले राहते. त्यावर खड्डा आला की ते आणखी पिळते, म्हणजे त्याची अर्धी क्षमता रस्त्यावर येण्याआधीच खर्च झालेली असते. सुरुवातीला काही जाणवत नाही. काही महिन्यांनी रबर कड्यापासून सुटू लागते, त्या फटीत माती जाते आणि करकर सुरू होते. मग ‘पार्ट हलका निघाला’ असा निष्कर्ष काढून पुन्हा नवा आर्म घालतात, आणि तोही पुन्हा हवेतच आवळतात.

एका परिचितांच्या गाडीचे दोन्ही लोअर आर्म एका वर्कशॉपमध्ये बदलून झाले होते आणि तरी करकर परतली होती. शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींनी गाडी रॅम्पवर, चाकांवर उभी असतानाच खालून पाहिली, बुशच्या आतल्या नळीवर आणि सबफ्रेमच्या कानावर खडूने एकच आडवी रेघ ओढली आणि बोल्ट ढिला केला. ‘कट्’ असा आवाज होऊन नळी आपोआप फिरली. रेघेचे दोन तुकडे होऊन त्यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढे अंतर पडले. “रबर पिळून बसलं होतं बघा साहेब,” एवढेच ते म्हणाले, आणि गाडी दोन-चार वेळा दाबून घेऊन त्यांनी बोल्ट पुन्हा आवळला. रबर अजून फाटलेले नव्हते, म्हणून आवाज तिथेच संपला. सुटा भाग एकही लागला नाही.

करायचे असे. आर्म काढण्यापूर्वी, गाडी सपाट जागी उभी असताना चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. नवा आर्म लिफ्टवर बसवताना बुशचे बोल्ट नुसते टेकेपर्यंत लावावेत. नंतर गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चाकांवर उतरवून, ती दोन-चार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच टॉर्क रेंचने अंतिम आवळणी करावी. रॅम्प नसेल तर गाडी घोड्यांवर पक्की असताना आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून चाक लिहून ठेवलेल्या अंतरापर्यंत वर उचलावे आणि त्या स्थितीत बोल्ट आवळावेत. आवळणीचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, अंदाजाने नव्हे. पुष्कळ कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ही आवळणी गाडीचे वजन चाकांवर असतानाच करावी, अशी सूचना छापलेली असते, आणि काही बोल्ट व नट एकदाच वापरायचे असतात. ज्या बुशचा बोल्ट आडवा नसून उभा असतो, त्याला हा नियम तितक्या काटेकोरपणे लागू पडत नाही.

जुन्या आर्मवर करकर असेल तरी आधी हाच प्रयोग करावा: चाकांवर उभ्या गाडीत बोल्ट ढिला करणे, गाडी दाबणे, परत आवळणे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे आणि ते फसले तरी काही बिघडत नाही; फक्त बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवा घालावा. टॉर्चच्या उजेडात बुशच्या कडेला रबर कड्यापासून सुटलेले दिसत असेल तर मात्र बुश किंवा आर्म बदलणे भागच आहे. अशा रबरावर ग्रीस लावणे म्हणजे केवळ दिवस ढकलणे.

इथे एक कोल्हापुरी मोह टाळायला हवा. आपल्याकडे लेथवर कसलाही बुश फिरवून देणारे हात आहेत, आणि रबराऐवजी नायलॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा टिकाऊ बुश घालून देतो, असे कोणीतरी आपुलकीने सुचवतेच. ट्रॉली, नांगर किंवा गुऱ्हाळाच्या यंत्राला ते ठीक. गाडीच्या लोअर आर्मला कडक बुश घातला की तो पिळण्याऐवजी नळीवर सरकतो, त्यामुळे त्याला नियमित ग्रीस लागते. ग्रीस संपले की तो रबरापेक्षा मोठ्याने करकरतो. शिवाय रस्त्याचा प्रत्येक दाणा स्टिअरिंगपर्यंत पोचतो, आणि मुळातच शांत असलेल्या गाडीत ते फार खटकते. वॉरंटीवर त्याचा काय परिणाम होईल, ते वेगळेच.

बॉल जॉइंट

बॉल जॉइंट ही कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेली वस्तू आहे. त्याच्यावरचा रबरी बूट फाटला, किंवा त्याची कडा उचलली गेली, की पावसाचे पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते, गोळ्याला गंज चढतो आणि स्टिअरिंग फिरवताना कण्हल्यासारखा आवाज येऊ लागतो. सुईने बुटातून ग्रीस भरण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास वापरतात. आवाज नक्की तिथूनच येतो हे सिद्ध करायला ती चांगली आहे, दुरुस्ती म्हणून नाही, कारण चढलेला गंज तसाच राहतो आणि सुईचे छिद्र पुढच्या पावसाला वाट करून देते.

करकरीपेक्षा इथे ढिलेपणाची तपासणी महत्त्वाची आहे. चाक उचलून ते वर आणि खाली धरून हलवावे, आणि आर्म व नकल (चाक धरणारा भाग) यांच्यामध्ये टॉमीने हलके उचकटून पाहावे. हालचाल दिसली तर ती गाडी गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात किंवा आंबा घाटात नेऊ नये. जॉइंट निसटला तर चाक आडवे होते. हा भाग दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही.

काही महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांना पुढे डबल विशबोन, म्हणजे वर आणि खाली असे दोन आर्म असतात. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटची कुईकुई जगभरच्या मालकांना परिचित आहे. काचेखालच्या काउलमधून (वायपरखालच्या पन्हळीतून) झिरपणारे पाणी त्या जॉइंटवर पडते, हे त्यामागचे एक कारण. अशा गाडीत नुसता आर्म बदलून भागत नाही, वरून येणारे पाणीही अडवावे लागते.

स्ट्रट माउंट

मॅकफर्सनच्या गाड्यांतही पाण्याची हीच वाट वेगळ्या ठिकाणी निघते. वायपरखालच्या जाळीत झाडांची पाने साचून निचऱ्याची भोके बुजली की पाणी स्ट्रटच्या वरच्या टोपीवर तुंबते आणि माउंटच्या बेअरिंगमध्ये उतरते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी जूनच्या आधी ही जाळी साफ करून, तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडते की नाही हे पाहावे. बेअरिंग धरले असेल तर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग आधी पिळते आणि मग ‘टंग’ असा आवाज करून सुटते. स्प्रिंगखालचे रबर सरकले असेल तरीही काहीसा असाच आवाज येतो. हे काम घरी करू नये; दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते. माउंट, बेअरिंग आणि खालचे रबर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी मुख्यतः स्ट्रट उतरवण्याची असते.

काम झाल्यावर

आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा स्ट्रट उतरवला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी लागते. तीही गाडी थोडी चालवून, बुश आपल्या जागी बसल्यानंतर करावी. गाडीच्या वजनामुळे इलेक्ट्रिक गाडीचे टायर मुळातच लवकर झिजतात. टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) थोडा चुकला तरी आतली कडा खाल्ली जाते आणि ती वरून दिसत नाही.

वॉरंटीचा विषय बॅटरीच्या आकड्यावरून ठरवू नये. बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असली तरी रबरी बुश बहुधा झिजणाऱ्या भागांत मोडतात आणि त्यांची मुदत वेगळी, बरीच कमी असते. पुस्तिकेतले ते पान मुदत संपण्याआधी वाचावे. तक्रार तोंडी सांगू नये. जॉब कार्डवर ‘पुढून आवाज येतो’ असे मोघम न लिहिता, ‘डावीकडून, उभी गाडी दाबल्यावर, कोरड्या हवेत करकर, लोअर आर्मच्या मागच्या बुशवर पाणी मारल्यावर थांबते’ असे लिहायला लावावे, सोबत मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज द्यावा, आणि कामाच्या रकान्यात ‘बुशची अंतिम आवळणी वजन चाकांवर असताना’ ही ओळ स्वतः सांगून घालून घ्यावी. तोच दोष परत आला आणि दाद मिळेनाशी झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना हीच जॉब कार्डे कामाला येतात.